जेवणानंतरचे व्याख्यान

विनायक,

प्रथम दिवस नोंदवतो. इंग्रजी तारखा रुग्णालयाच्या कागदांवर आहेत आणि त्या जिथे मांडायच्या तिथे मी मांडेन. इथे घरातल्या दिवसांनीच सांगतो, कारण तुझ्या पत्नीने, माधुरीने, आणि मी ते दिवस तसेच मोजले.

गौरी आल्या त्या सकाळी तुला अंबरनाथच्या रुग्णालयात दाखल केले. न्यूमोनिया होता आणि तो वेळेत ओळखला गेला, हे मी मान्य करतो. गौरींचे विसर्जन झाले त्या दिवशी ताप उतरला. अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी तुला पाण्यासारखे जुलाब सुरू झाले. चतुर्दशीला, खाली रस्त्यावर ढोल वाजत असताना, जुलाब थांबवणारी गोळी तुला देण्यात आली. पौर्णिमेला पोट फुगले, ताप परत आला, आणि चालू असलेले प्रतिजैविक थांबवण्याऐवजी त्याच्या जोडीला दुसरे, अधिक जहाल, सुरू करण्यात आले. पितृपंधरवड्यातील तृतीयेला तुला अतिदक्षता विभागात हलवले. षष्ठीला तू गेलास.

आता जबाबदार. पहिला, तुझ्यावर उपचार करणारा फिजिशियन. दुसरी, आपल्या भागातील डॉक्टरांची ती संघटना, जी सभागृहाच्या दाराशी सही घेते आणि त्या सहीलाच शिक्षण समजते. तिसरे, त्या संघटनेचे सचिव, पदाने आणि व्यक्तिशः. चौथा तू, माझा सख्खा भाऊ.

चौथे नाव वाचून तू चष्मा कपाळावर ढकलून विचारले असतेस, "दादा, आरोपी मेला की खटला संपतो ना?" संपतो. फौजदारी असेल तर संपतो. पण मी आत्ता न्यायालयात नाही. कुळगावच्या आपल्या घरात, तुझ्या रिकाम्या खुर्चीसमोर बसलो आहे, आणि इथे तुला सूट मिळणार नाही.

बाकीच्यांची नावे मी लिहीत नाही. उल्हासनगरच्या दिवाणी न्यायालयात अधीक्षक म्हणून निवृत्त होईपर्यंत मी हेच पाहत आलो, की ज्याचे म्हणणे ऐकलेले नाही त्याच्याविरुद्ध निकाल लिहिता येत नाही. म्हणून याला निकाल समजू नये, नोटीस समजावी. नावे न लिहिण्याची अट माधुरीचीही आहे. तिचे कारण वेगळे आहे आणि ते पुढे येईल.

मला काय हवे आहे तेही सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे कोणाचा गैरसमज नको. स्मशानात तुझी चिता पेटत असताना तुझ्याच संघटनेतील एक सदस्य दुसऱ्याला म्हणाला, "शेवटी सर भ्रमात होते रे. काहीबाही टेस्ट सांगत होते." माधुरीने ते ऐकले. मीही ऐकले. तू भ्रमात नव्हतास. तू निदान सांगत होतास, आणि ते बरोबर होते. हे वाक्य कोणीतरी, ज्याला ते म्हणण्याचा अधिकार आहे त्याने, सर्वांसमोर म्हणावे. बाकी सारे त्यानंतर.

ज्या जंतूने तुला नेले त्याचे नाव मी तुझ्याकडूनच शिकलो, आणि तेही जेवताना. माधुरी वरण वाढत होती.

"क्लॉस्ट्रिडियम डिफिसील," तू म्हणालास.

"आधी भात घ्या," ती म्हणाली. "मग काय ते फिसील-बिसील."

तू ऐकले नाहीस. "आतड्यात चांगल्या जंतूंची वस्ती असते, दादा. अँटिबायोटिक घेतलं की ती वस्ती उठते. रिकाम्या जागेवर हा येऊन बसतो आणि विष सोडतो. मग जुलाब."

"म्हणजे अतिक्रमण."

"अगदी! आणि तुझ्या नगरपालिकेसारखंच. ज्यानं वस्ती उठवली तोच नंतर विचारतो, हे कोण आलं इथे?"

"जुलाबाच्या गोष्टी निघाल्या," माधुरी म्हणाली, "की या घरातले दोन्ही पुरुष पुन्हा भात मागतात."

आणि आपण मागितला. त्या जेवणाचे मला आता काय करावे हे कळत नाही, विनायक. ताट वाढले की ते संभाषण माझ्या समोर येऊन बसते.

हे नाव तुझ्या डोक्यात कोणी घातले तेही आठवते. निवृत्तीनंतर मी दुपारी उल्हासनगरच्या तुझ्या दवाखान्यातील बाकावर वर्तमानपत्र घेऊन बसत असे. कॅम्पातील एक सिंधी आजीबाई तुझ्यासमोर उभी होती, पदराने घाम पुसत.

"साईं, वो कैप्सूल दो ना, बड़ा वाला. सामने का डॉक्टर तो बिना माँगे देता है."

"माई, सर्दी है. गरम पानी पियो, सो जाओ."

"पानी तो घर में भी है! इतनी धूप में मैं पानी के लिए आई?"

सगळा बाक हसला. तूही हसलास आणि म्हणालास, "तो जाओ सामने. पर बाद में दस्त लगे तो इधर ही आना. और बताना ज़रूर कि कैप्सूल खाया था."

ती गेली. काही दिवसांनी परत आली, आणि दारातूनच, भाजीवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लग गए, साईं!" त्यावर तू हसला नाहीस. तिला खुर्चीत बसवलेस, पोट तपासलेस, शौचाचा नमुना चाचणीला पाठवलास, त्यात हाच जंतू निघाला, आणि ती बरी होईपर्यंत रोज फोन केलास. बरी झाल्यावर तिने तुला मिठाई आणली व समोरच्या डॉक्टरला यथेच्छ शिव्या दिल्या. तू म्हणालास, "त्याला शिव्या देऊन काय होणार? त्याला कुणी सांगितलंच नसेल." आणि तू ठरवलेस की आपण सांगायचे. एकट्या त्या समोरच्याला नाही, अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर, सगळीकडच्या डॉक्टरांना.

इथून आपला वाद सुरू होतो.

डॉक्टरांना आपल्या नोंदणीचे नूतनीकरण करायचे तर अशा शैक्षणिक व्याख्यानांना हजर राहून क्रेडिट पॉइंट मिळवावे लागतात. व्यवस्था उत्तम आहे. कागदावर मी तिच्यात एकही दोष काढू शकत नाही. दोष दाराशी आहे. गेल्या वर्षी, दिवाळीच्या आधीच्या रविवारी, अंबरनाथच्या त्या सभागृहात मी तो माझ्या डोळ्यांनी पाहिला, कारण वक्त्यांची वेळ मोजायला तू मला बसवले होतेस. डॉक्टर येत, दाराशी सही करीत, पिशवी घेत. सकाळी औषध कंपनीचा वक्ता बोलला. कंपनीचा वक्ता जेवणाआधी बोलतो, कारण जेवण कंपनीचे असते. हा नियम कोठेही लिहिलेला नाही आणि तो कधीही मोडला जात नाही. मग जेवण. आणि तुझे व्याख्यान जेवणानंतर.

तो फिजिशियन हातात ताट घेऊन तुझ्याकडे आला. नुकता पदवीधर झाला तेव्हा तुझ्याच दवाखान्यात बसून तो नाडी बघायला शिकला होता. डाव्या हातात ताट सांभाळत त्याने वाकून तुझ्या पायांना हात लावला.

"सर, राउंड आहे. निघतो. तुमचं लेक्चर ग्रुपवर टाकाल ना?"

"टाकतो, टाकतो. गुलाबजाम घेतलास का?"

"घेतला सर."

"मग जा."

उल्हासनगरचा जेवणवाला माझ्या कानाशी आला. "दादा, दूसरे लेक्चर के बाद चाय कितनी रखूँ?"

"जेवढे डॉक्टर बसलेत तेवढी."

त्याने सभागृहात डोकावले. "फिर तो मैं घर से थर्मस ले आता."

तू मात्र सभागृह तुडुंब भरले असावे तसा बोललास. जुलाब लागलेल्या रुग्णाला आधी विचारा की गेल्या काही आठवड्यांत कोणते प्रतिजैविक घेतले. शक्य असेल तर ते थांबवा. नमुना विषाच्या चाचणीला पाठवा. जुलाब थांबवणारी गोळी उठसूट देऊ नका. निदान झाले की व्हॅन्कोमायसिन तोंडावाटे द्या, शिरेतून दिलेले आतड्यात पोहोचत नाही. हात साबणाने, वाहत्या पाण्याखाली धुवा, कारण भिंतीला टांगलेल्या बाटलीतील अल्कोहोलने या जंतूचे बीजाणू मरत नाहीत. रिकाम्या खुर्च्यांकडे पाहून तू हे सगळे नीट, घाई न करता सांगितलेस. मग सकाळच्या सह्या पाहून सर्वांच्या प्रमाणपत्रांवर तू सही केलीस. सर्वांच्या.

परतताना रिक्षात मी तुला सोडले नाही. सही जाताना घ्यावी, असे मी म्हणालो. शेवटी लहानशी परीक्षा घ्यावी. जो नापास होईल त्याला प्रमाणपत्र नाही.

"दादा, कोर्टात आरोपी येतात. माझ्याकडे सहकारी येतात."

"आरोपी निकाल लागेपर्यंत बसतो तरी."

"कारण दाराशी पोलीस असतो."

"मग ठेव पोलीस!"

रिक्षावाला आरशातून आपल्याकडे पाहू लागला. तू हळू बोललास. "चारचौघांत लाज काढली तर माणूस शिकत नाही. तो पुढच्या वेळी येतच नाही. जेवायला आलेला एखादा चुकून बसेल, ऐकेल. मी त्या एकासाठी बोलतो."

"तो एक आज कोण होता?"

कुळगाव आले. माझ्या गुडघ्यामुळे तू आधी उतरून हात पुढे केलास आणि मी तो हात रागाने नाकारला, व नंतर धरला.

त्या रात्री मी संघटनेला पत्र लिहिले. माझी सगळी पत्रे पाठवण्याआधी तू वाचायचास, आणि प्रत्येक पत्राचा शेवटचा परिच्छेद पेन्सिलीने खोडायचास. "इथे तू न्यायाधीश होतोस," म्हणायचास. तुझी उषावहिनी गेल्यानंतर तर पत्रांवाचून माझ्याकडे दुसरे काही उरले नव्हते. पाण्याच्या टाकीबद्दल, पदपथांबद्दल, फाटकाबद्दल, दिसेल त्याबद्दल मी लिहीत होतो. तू सकाळी दवाखान्यात जाण्यापूर्वी वर येऊन ती वाचायचास, एकही चेष्टा न करता, चहा गार होईपर्यंत. मला तेव्हा वाटे की तुला मजकुरात रस आहे. तू माझी प्रकृती तपासत होतास, हे फार उशिरा लक्षात आले, आणि त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आपल्या दोघांत ती भाषाच नव्हती. आज मानतो. फार औपचारिक वाटत असेल तर माफ कर, मला दुसऱ्या रीतीने लिहिता येत नाही.

आता रुग्णालय.

तुझा मान राखण्यात त्यांनी काहीही कमी केले नाही, आणि माझी तक्रार नेमकी तिथून सुरू होते. सर म्हणून स्वतंत्र खोली. सर म्हणून शिकाऊ डॉक्टरांनी तुझ्या पोटाला हात लावायचा नाही. सर म्हणून उत्तमातले उत्तम, म्हणजे जबरातले जबर प्रतिजैविक. एखादा हमाल त्या खाटेवर असता तर त्याला विचारले असते, किती वेळा गेलास, कसा रंग, दाखव पोट. तुला विचारायचा त्यांना संकोच वाटला. आणि सांगायचा तुला. परिचारिकेने विचारले तेव्हा तू म्हणालास, "झालं असेल दोन-तीनदा." माधुरीने बदललेल्या चादरी मोजणे तेव्हा सोडून दिले होते. तिने माझ्याकडे पाहिले. मी तुझ्याकडे. तू खिडकीकडे.

चतुर्दशीला तो फिजिशियन आला, सोबत सहा-सातजण, कारण सरांच्या खोलीत एकट्याने जाणे बरे दिसत नाही.

"जागा बदलली, पाणी बदललं, सर. होतं असं. एक गोळी देतो, थांबेल."

"अरे, गोळी नको," तू म्हणालास. आवाज खोल गेला होता, पण शब्द स्वच्छ होते. "स्टूल पाठव टॉक्सिनला. आणि ते इंजेक्शन थांबवता येतं का बघ."

तो हसला. प्रेमाने हसला, हे मी शपथेवर सांगेन. "सर, आता तुम्ही पेशंट. डॉक्टर मी. तुम्ही फक्त आराम करायचा."

सगळे हसले. आणि विनायक, तूही हसलास. चौथ्या आरोपीवरील दोषारोप हाच आहे.

ते गेल्यावर मी उभा राहिलो. "मी जाऊन सांगतो त्याला."

"दादा, बस. त्या पोरांसमोर त्याला तोंडघशी पाडू? उद्या एकटा आला की मी समजावतो."

"तो एकटा येणार नाही."

"येईल रे."

तो एकटा आला नाही. पौर्णिमेला अख्खी पलटण घेऊन आला. प्रतिपदेलाही. तू प्रत्येक वेळी हळूच तेच म्हणालास आणि प्रत्येक वेळी त्यांनी तुझ्या खांद्यावर थोपटले. प्रतिपदेला मी रुग्णालयाच्या प्रमुखांना लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. त्याचे उत्तर तुझ्या तेराव्यानंतर आले: आपले पत्र संबंधित विभागाकडे पाठवण्यात आले आहे. अतिदक्षता विभागातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी अखेर नमुना पाठवला. निदान तुझेच निघाले. औषध सुरू झाले, तेही आधी शिरेतून. ती चूक लक्षात येऊन तोंडावाटे सुरू झाले तोवर आतडे हरले होते, आणि शस्त्रक्रियेलाही शरीर उरले नव्हते.

तू सभ्य होतास. आयुष्यभर मी तुझ्या सभ्यतेचा फायदा घेतला, माझ्या प्रत्येक भांडणानंतर लोक तुझ्यामुळे आपल्या घरी चहाला येत राहिले. पण सभ्यता आपल्या जिवावर बेतेपर्यंत पाळायची नसते, हे तुला कोणी शिकवले नाही काय? मला खाली बसवलेस! एका माणसाची एका खोलीत पाच मिनिटे लाज राखण्यासाठी! मी हे तुला त्या खाटेशी म्हणायला हवे होते असे नव्हे. मी म्हणालो होतो. तू ऐकले नाहीस. आणि आता ऐकणार नाहीस, तरी मी पुन्हा म्हणतो, कारण थांबलो तर दुसरे काहीतरी सुरू होईल आणि ते मला आवरणार नाही.

तेराव्याला सचिव आले. सतरंजीवर मांडी घालून बसले, फोटोला हार घातला.

"काका, सरांच्या नावानं दरवर्षी लेक्चर ठेवतोय. दसऱ्यानंतरचा रविवार धरलाय. क्रेडिट पॉइंट मिळतील, म्हणजे गर्दी पण होईल."

"विषय?"

"डायबेटिस. नवीन गोळ्या आल्यात. स्पॉन्सर तयार आहे."

"विनायक ज्याने गेला, तो विषय का नको?"

"तो सरांनी मागच्या वर्षीच घेतला ना, काका. रिपीट होईल."

"झाला की रिपीट," माधुरी आतून म्हणाली. ती दारात येऊन उभी होती. "आमच्या घरात झाला."

सचिवांनी प्रसादाचा द्रोण खाली ठेवला आणि येतो म्हणाले.

मी केसपेपरच्या प्रती आणायला रुग्णालयात गेलो तेव्हाची गोष्ट तुला सांगायची आहे, आणि ती सांगताना माझा राग नीट उभा राहत नाही. तुझ्याच खोलीत जांभूळ गावची एक म्हातारी होती. तिचा मुलगा बाहेर बाकावर बसून डब्यातली भाकरी खात होता. मी विचारले, काय झाले आहे.

"आईला न्यूमोनिया झालेला. तो गेला. आता कालधरनं जुलाब लागलेत."

मी त्याच्या शेजारी बाकावर बसलो. "डॉक्टर काय म्हणाले?"

"डाक्टर सोता आला, एकटाच. पोट दाबून बघितला. सगली टेस्ट लगेच पाठवली, इंजेक्शन बंद केला. आन मला बोलला, हात साबनानं धुवा, ती भितीवरची बाटली नको. तुमी कोन, पाव्हणं?"

"कोणी नाही," मी म्हणालो. "धुवा. साबणानेच धुवा."

साबण, बाटली, एकट्याने येणे, पोटाला हात लावणे. हे तुझे व्याख्यान होते, शब्दाला शब्द. तू ते ग्रुपवर टाकले होतेस. त्याने ते उघडले होते. म्हातारी दसऱ्याला चालत घरी गेली.

मी त्याच्या दारावर थाप मारली. त्याने बाकीच्यांना बाहेर पाठवले.

"त्याचे व्याख्यान वाचलेस," मी म्हणालो.

"हो, काका."

"केव्हा?"

"सर गेले त्या दिवशी. गाडीत बसून."

"मग हे रविवारी सांग. व्यासपीठावरून."

"काका, सांगितलं तर उद्या तुम्हीच ते माझ्याविरुद्ध वापराल. तुम्हाला सगळे ओळखतात."

हे त्याने बरोबर ओळखले होते, विनायक. मी वापरले असते. तक्रारीचा मसुदा माझ्या खिशात होता.

घरी येऊन मी माधुरीला सारे सांगितले. ती तुझे शर्ट घडी करत होती. कोणाला द्यायचे ते अजून ठरलेले नाही.

"तो इथे येऊन गेला, दादा," ती म्हणाली. "तुम्ही बाजारात होतात. रडला."

"रडला, पण बोलला नाही."

"मग बोलायला लावा. पण त्याचं नाव छापू नका आणि कोर्टात ओढू नका. माझी शुगर कोण बघणार, या गावात दुसरं आहे कोण? आणि ओढलंत तर तो वकिलाच्या तोंडून बोलेल. मला वकील नकोय. मला त्याच्या तोंडून ऐकायचंय की यांचं डोकं ठिकाणावर होतं. लोक म्हणतात हे शेवटी बरळत होते. मी काय सांगत फिरू, दारोदार?"

आम्ही बराच वेळ भांडलो. तुझ्या घरात तुझ्या बाजूने आता ती भांडते, आणि तुझ्यापेक्षा चांगले भांडते. मी म्हणालो की दोष कबूल करून मोकळे सुटणे हे न्यायात बसत नाही. ती म्हणाली की तो लपवून सुटेल हे तरी कुठे बसते. मी म्हणालो की तक्रारीला मुदत असते. ती म्हणाली, मुदत संपायला वेळ आहे, रविवार आधी येतो. तुझी वारस ती आहे, मी नाही. कायदा मला एवढे तरी शिकवतो. मी मसुदा तिच्या हाती दिला. तिने तो तुझ्या शर्टांच्या खाली ठेवला, फाडला नाही.

तेव्हा हे तुझ्याशी बोलणे इथे थांबवून मी आता त्यांच्याकडे वळतो. हा लेख छापण्यास मी आपल्या गावच्या साप्ताहिकाच्या संपादकांना दिला आहे. रविवारपूर्वी तो सर्वांच्या हाती असेल.

सचिव महाशय: येत्या रविवारच्या सभेला माझ्या भावाचे नाव द्यायचे असेल तर विषय त्याचा मृत्यू ज्याने झाला तो ठेवावा आणि हजेरीची सही सभा संपल्यावर घ्यावी. हे मान्य नसेल तर त्याचे नाव काढून टाकावे. त्याच्या पत्नीची तशी लेखी सूचना या लेखासोबत आपल्याकडे पोचेल.

आणि डॉक्टर, आपण. आपले नाव मी लिहिलेले नाही आणि लिहिणार नाही. जांभूळच्या त्या बाईंना आपण वाचवलेत, हे मी जितक्या स्पष्टपणे वरील मजकुरात लिहिले आहे तितक्याच स्पष्टपणे कोठेही सांगेन. आपण उभे राहून खरे सांगितलेत तर ते शब्द कोणत्याही तक्रारीत आपल्याविरुद्ध वापरले जाणार नाहीत. हे वचन माधुरीचे आहे, आणि मी त्याला, इच्छेविरुद्ध, बांधील आहे. आपण गप्प राहिलात तर मी बांधील नाही.

ज्यांनी दाराशी सह्या केल्या आणि उठून गेले, त्या सर्वांच्या देखत आपल्याला एवढेच विचारायचे आहे. अनंत चतुर्दशीच्या दिवशी डॉ. विनायक जे सांगत होते ते भ्रमात सांगत होते, की शुद्धीत? ते बरोबर होते, की चूक? आणि बरोबर होते, तर आपण नमुना का पाठवला नाहीत?

सर्वांसमोर उत्तर द्या.